कापून टाकलेलं पाणी: श्वसनाचं रसायन चार रविवारांत समजावताना

नोव्हेंबरात जिन्याखालच्या बाकावर एका निवृत्त बँकवाल्या काकांनी विचारलं, "मॅडम, ऑक्सिजन आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. म्हणजे आत त्या ऑक्सिजनला फक्त कार्बन चिकटतो, बरोबर?" चूक. पण दोन मिनिटांत दुरुस्त होणारी चूक नव्हे. मी पाकिटाच्या पाठीवर समीकरण लिहून दाखवलं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं, "बरं" म्हणाले आणि पाणीकपातीवर बोलू लागले.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला हा "बरं" चांगला ओळखीचा असतो. म्हणून ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चार रविवार, दर वेळी तासभर, हाच एक विषय घ्यायचा ठरवला. कोणाला आपल्या सोसायटीत किंवा वाचनालयात असं काही करायचं असेल, तर कुठे अडतं ते आधीच कळावं म्हणून हे सविस्तर.

पहिला अडथळा रसायनाचा नव्हताच. 9 डिसेंबर 2024 ला हॉलसाठी अर्ज दिला. त्यात "प्रात्यक्षिकासह" असा शब्द लिहिला आणि तिथेच फसले. 15 तारखेच्या कमिटी मीटिंगमध्ये प्रश्न आले: कोणता गॅस निघणार? आग लागली तर जबाबदार कोण? हमीपत्र हवं, तेही स्टॅम्प पेपरवर. शंभरच्या स्टॅम्पवर भागणारी कामं ऑक्टोबर 2024 पासून पाचशेवर गेली आहेत हे कळल्यावर साध्या कागदावर तडजोड झाली. सामानाची यादी जोडली: पानाचा चुना, हळद, यीस्ट, मोड आलेली मटकी, एक मेणबत्ती. यादी वाचून सेक्रेटरींचा चेहराच सैल झाला. परवानगी 20 तारखेला मिळाली. भाडं एका वेळचं 300 रुपये, डिपॉझिट 1000. अर्जात "प्रात्यक्षिक" न लिहिता सरळ यादीच लिहा, आठवडा वाचतो.

तारखा ठरल्या 5, 12, 19 आणि 26 जानेवारी. 19 ला महिला मंडळाचं हळदीकुंकू आधीच ठरलेलं होतं, 26 ला सकाळी झेंडावंदन. शेवटी 5, 12, 26 ची संध्याकाळ आणि 2 फेब्रुवारी असं जमलं.

कार्बन डायऑक्साइड मिसळला की चुन्याची निवळी पांढरी होते. तिची तयारी आदल्या दिवशी करावी लागते. लिटरभर पाणी उकळून झाकून गार करायचं, म्हणजे त्यात आधीच विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. त्यात पानाचा ओला चुना दोन चमचे घालून बाटली हलवायची आणि रात्रभर ठेवायची. चुना पाण्यात फारच कमी विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. बाकीचा तळाला बसतो, त्यामुळे जास्त घालून काही मिळत नाही. सकाळी वरचं पाणी न ढवळता ओतून दुहेरी मलमलीतून गाळायचं. बाटली गळ्यापर्यंत भरायची. रिकामी जागा राहिली तर तिथल्या हवेनेच वर पापुद्रा धरतो.

माझी पहिली निवळी फुकट गेली. स्वयंपाकघरातली चुन्याची डबी जुनी होती, कडेला कोरडी खपली. तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन केव्हाच खडू झाला होता. तपासायची घरगुती युक्ती आहे: गाळलेल्या निवळीचा थेंब चिमूटभर हळदीवर टाका. कुंकवासारखा लाल झाला तर निवळी चालू, पिवळाच राहिला तर नवी डबी आणा. दहा रुपयांचं काम.

दुसरी अडचण स्ट्रॉची. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ जुलै 2022 पासून बंद आहेत आणि कागदी स्ट्रॉ पाच मिनिटांत लगदा होते. माशांच्या दुकानातली एअर पंपाची नळी उत्तम, तीन मीटर 45 रुपयांना मिळाली. तिचे वीतभर तुकडे करून ओठांकडच्या टोकाजवळ टाचणीने एक भोक पाडायचं. फुंकताना त्याने फरक पडत नाही, पण कोणी चुकून ओढलं तर निवळीऐवजी हवाच येते. लहान मुलं हमखास ओढतात. मोठेही ओढतात. निवळी तोंडात आणि डोळ्यांत झोंबते, म्हणून ग्लास अर्धाच भरायचा आणि चेहरा लांब ठेवायचा.

5 जानेवारीला 22 जण आले. दोन ग्लास ठेवले. एकात माशांच्या टाकीच्या पंपाने हॉलमधली हवा सोडली, दुसऱ्यात काकांनी फुंकलं. काकांचा ग्लास मिनिटाच्या आत ताकासारखा पांढरा झाला. पंपाचा ग्लास तेवढ्या वेळात स्वच्छच होता. हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे 0.04 टक्के, उच्छ्वासात सुमारे 4 टक्के. शंभर पट. हा आकडा मी फळ्यावर लिहायच्या आत एका शाळकरी मुलीने तोंडी करून सांगितला.

ऑक्सिजनचं गणित मात्र लोकांना पटत नाही. हवेत तो 21 टक्के, उच्छ्वासातही 16 टक्के उरलेला. "म्हणजे आपण सगळा वापरत नाही?" नाही. म्हणूनच तोंडाने दिलेला श्वास बेशुद्ध माणसाच्या कामी येतो. शांत बसलेलं शरीर मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं आणि 200 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. हे दोन आकडे सारखे नाहीत, हे लक्षात ठेवायला सांगून मी पुढे गेले. बँकवाल्या काकांनी मात्र ते वहीत लिहून घेतलं आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

मेणबत्तीचा प्रयोग आग्रहाखातर केला. ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी चढतं, आणि सगळा हॉल एका सुरात म्हणतो, "ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली." शाळेत असंच शिकवलेलं असतं. पण नीट पाहा: पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर झपकन चढतं. ज्योतीने तापून फुगलेली हवा ग्लासात कोंडली जाते, गार होताना आकसते आणि पाणी ओढून घेते. तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर येतं. ग्लासातला ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नसतो. शिवाय ज्योत 15-16 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतानाच मरते. हा प्रयोग करायचाच असेल तर खोडून काढण्यासाठीच करा.

दुसऱ्या रविवारी 14 जण. रक्ताचा दिवस. दाखवण्यासारखं कमी आणि सांगण्यासारखं जास्त, म्हणून हा तास सगळ्यांत अवघड गेला. 100 मिलिलिटर रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम 0.3 मिलिलिटर असतो. हिमोग्लोबिनमुळे तोच 20 मिलिलिटरपर्यंत जातो. हिशेब करून दाखवता येतो: 1 ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरतं, आणि रिपोर्टमध्ये 15 आकडा (म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 15 ग्रॅम) असेल तर गुणाकार करा. हे सांगितल्यावर तीन जणींनी फोनमधले जुने रिपोर्ट काढले. नऊ हिमोग्लोबिनवाल्या मावशींना जिना चढताना धाप का लागते ते त्यांनीच बाराच्या आसपास आलेलं उत्तर पाहून सांगितलं. लोकांच्या स्वतःच्या आकड्याइतकं चांगलं शैक्षणिक साहित्य नाही.

"लोखंड आहे, ऑक्सिजन आहे, मग गंजत का नाही?" हा प्रश्न येणारच. गंजताना लोह आपला इलेक्ट्रॉन कायमचा देऊन बसतं. हिमोग्लोबिनमधलं लोह चहूबाजूंनी अशा घडीत बसवलेलं असतं की ऑक्सिजन त्याला सैल धरतो आणि सुटतो. एका रेणूत अशा चार जागा. पहिल्या जागी ऑक्सिजन बसला की रेणूचा आकार जरा बदलतो आणि बाकीच्यांना बसणं सोपं जातं. मी लोकलचं उदाहरण दिलं आणि लगेच मागे घ्यावं लागलं, कारण ठाणे स्टेशनवर आत चढलेला माणूस बाहेरच्यासाठी जागा करत नाही. उतरण्याची बाजू मात्र जमली: काम करणाऱ्या स्नायूंत कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढलेली असते, तिथे हिमोग्लोबिनची पकड ढिली होते. जिथे गरज तिथेच उतरणं. ख्रिस्तियन बोर या डॅनिश शास्त्रज्ञाने 1904 मध्ये हे दाखवलं.

याच दिवशी गॅस गीझरचं सांगून टाकलं. कोंडलेल्या न्हाणीघरात गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो आणि जागा सोडत नाही. वास नाही, रंग नाही. बोटाला लावायचा नेहमीचा ऑक्सिमीटरही इथे फसतो, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरलेल्यासारखंच दिसतं. आकडा 98 आणि माणूस बेशुद्ध, असं होऊ शकतं. खिडकी उघडी हवी आणि गीझर शक्यतो बाहेर. या एका वाक्यासाठी तो तास वसूल.

26 जानेवारीला संध्याकाळी पाचला 31 जण, बहुतेक सकाळच्या झेंडावंदनाला "संध्याकाळी या" म्हटल्यामुळे. आदल्या रविवारी हळदीकुंकू झालेलंच होतं, तेव्हा कुंकवापासून सुरुवात केली. हळदीत चुना घातला की ती लाल होते, हे घरोघरी ठाऊक. हळद म्हणजे आम्ल-अल्कली ओळखणारा दर्शकच. चिमूटभर हळद चमचाभर सॅनिटायझरमध्ये कालवायची, कारण ती पाण्यात नीट उतरत नाही. मग ते ग्लासभर पाण्यात घालून निवळी थेंबाथेंबाने सोडायची. पहिला लालसर रंग दिसला की हात आवरायचा. माझा एकदा सुटला, आणि मग फुंकणाऱ्या काकांना दहा मिनिटं फुंकावं लागलं. बेताने घातलं तर दीड-दोन मिनिटांत लाल पाणी पुन्हा पिवळं होतं. नुसत्या फुंकरीने. उच्छ्वास आम्ल करतो, हे डोळ्यांनी दिसलं की पुढचं सोपं.

कार्बन डायऑक्साइड रक्तात वायू म्हणून थोडाच फिरतो. तांबड्या पेशींमधलं एक विकर (एन्झाइम) त्याची पाण्याशी गाठ घालून देतं आणि त्याचा बायकार्बोनेट होतो. साधारण 70 टक्के वाहतूक या रूपात. फुप्फुसात उलटी क्रिया. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं, फक्त फेसाशिवाय. निवळीच्या पांढऱ्या ग्लासात थोडा सोडा ओतला तर गढूळपणा नाहीसा होतो, तेही इथेच दाखवलं: खडूचा बायकार्बोनेट झाला. ते पाणी उकळलं की पुन्हा पांढरं. घरातल्या गीझरमध्ये बसणारा थर तो हाच.

रक्ताची आम्लता pH च्या मापात 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यात ठेवायची असते, आणि श्वासाचा वेग मुख्यतः त्यावर ठरतो. ऑक्सिजनवर नाही. हे कोणालाच खरं वाटलं नाही, म्हणून ऑक्सिमीटर काढला. एका तरुणाने बसल्या जागी श्वास रोखला. पस्तीस सेकंदांनी चेहरा लाल, डोळे मोठे, हात हलवून नको नको. आकडा 98 वरून 97. त्याची तडफड ऑक्सिजन संपल्याची नव्हती, कार्बन डायऑक्साइड साठल्याची होती. (हृदयविकार, रक्तदाब, गर्भारपण असेल त्यांना हे करायला लावू नका. नेलपॉलिश आणि गार बोटं असतील तर आकडा भरवशाचा नाही.)

मग प्राणायामाचे प्रश्न सुरू झाले. भराभर श्वास घेऊन "ऑक्सिजन वाढतो" हा समज फार पक्का आहे. हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेलं असताना त्यात आणखी किती कोंबणार? भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो, रक्त जरा अल्कली होतं, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. काहींना तो हलकेपणा आवडतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पोहायला बुडी मारण्याआधी असं कधीही करायचं नाही: श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते आणि तोवर माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपतो. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो का, हेही आलं. प्रकाशाशिवाय कोणतंच झाड ऑक्सिजन देत नाही. रात्री सगळीच झाडं आपल्यासारखा श्वास घेतात, पण कुंडीतलं झाड खोलीतली हवा संपवेल ही भीती नको. शेजारी झोपलेला माणूस त्याहून कितीतरी जास्त वापरतो.

शेवटच्या तासाची तयारी गुरुवारीच सुरू झाली. रात्री मटकी भिजवली, शुक्रवारी सकाळी फडक्यात बांधली, शनिवारी नऊला मोड आलेली मटकी एका थर्मासमध्ये आणि उकडून गार केलेली दुसऱ्यात. तोंडाला कापसाचा बोळा, घट्ट झाकण नाही. मोडांना हवा लागते. दोन्हींत थर्मामीटर, 150 रुपयांचा एक. उकडलेली मटकी जंतुनाशक पाण्यातून काढायलाच हवी. डिसेंबरात करून पाहिलं तेव्हा ती न धुता भरली होती; तिसऱ्या दिवशी तीही तापली, कारण आंबवणारे जंतू तिथे श्वास घेत होते. 2 फेब्रुवारीला साडेदहाला मोडांचा थर्मास 24 अंशांवरून 32 वर गेला होता, उकडलेली 24 वरच. आजींनी थर्मासमध्ये हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "फडक्यात बांधलेली मटकी ऊब धरते, ते आम्हाला ठाऊकच आहे." ते ठाऊक होतं, ती ऊब श्वासाची आहे हे नवीन होतं.

यीस्टचा फुगाही लावला होता: 200 मिलिलिटर कोमट पाणी, दोन चमचे साखर, एक चमचा ड्राय यीस्ट, बाटलीच्या तोंडाला फुगा. पाणी हाताला सोसेल एवढंच. गरम घातलं तर यीस्ट मरतं. थंडीत 40 मिनिटं लागली. ऑक्सिजनशिवायही कार्बन डायऑक्साइड येतो, एवढंच त्यातून हवं होतं. आणि काकांच्या मूळ प्रश्नाला तिथेच पहिला तडा गेला: ऑक्सिजन आत गेलाच नाही, तर कार्बन चिकटला कोणाला?

मग सतरंजीवर कडधान्यं मांडली. पुस्तकातलं समीकरण असं: ग्लुकोजचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे सहा, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे सहा. हे बरोबर आहे, पण कापलेलं आहे. पेशीत डावीकडे पाण्याचे आणखी सहा रेणू लागतात आणि उजवीकडे बारा तयार होतात. दोन्हीकडचे सहा सारखेच म्हणून पुस्तक ते कापून टाकतं, आणि त्या कापण्यातच खरी गोष्ट हरवते.

काळे हरभरे म्हणजे कार्बन: सहा. पांढरे काबुली म्हणजे अन्नातला आणि त्या जादा पाण्यातला ऑक्सिजन: सहा आणि सहा, बारा. साबुदाणा म्हणजे हायड्रोजन: चोवीस. राजमा म्हणजे हवेतून आलेला ऑक्सिजन: बारा. आता पेशीच्या क्रमाने उचला. आधी प्रत्येक हरभऱ्याला दोन काबुली. सहा कार्बन डायऑक्साइड झाले, बाहेर. राजम्याला अजून कोणी हातही लावलेला नाही. हे काम हान्स क्रेब्सने 1937 मध्ये उलगडलेल्या चक्राचं आणि त्याच्या आधीच्या पायऱ्यांचं. उरला साबुदाणा. त्यातले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, आतल्या पडद्यावरून पायरीपायरीने उतरतात, आणि त्या उतरणीतूनच पेशीला हवी ती बहुतेक ऊर्जा मिळते. शेवटच्या पायरीवर राजमा उभा असतो. एकेक राजमा दोन दोन साबुदाणे घेतो: बारा पाणी. सतरंजीवर काही उरत नाही.

आत घेतलेला ऑक्सिजन पाणी होतो. बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन पोळीतला आणि पाण्यातला.

काकांनी राजमे पुन्हा मोजले. मग विचारलं, "आणि ते 250 आणि 200?" ग्लुकोज जाळताना दोन्ही सारखे असतात, पण चरबीत हायड्रोजन जास्त आणि ऑक्सिजन नावापुरता. तिचा साबुदाणा संपवायला राजमे जास्त लागतात, म्हणून आत येणारा ऑक्सिजन बाहेर जाणाऱ्या वायूपेक्षा अधिक. वहीतलं प्रश्नचिन्ह त्यांनी खोडलं. एक बारीक दुरुस्ती मी इथे घातली: तयार झालेलं पाणी शरीरातल्या पाण्यात मिसळतं, आणि त्यातला ऑक्सिजन पुढे बायकार्बोनेटच्या देवघेवीत कार्बन डायऑक्साइडमध्ये शिरू शकतो. म्हणजे राजमा शेवटी उच्छ्वासात दिसेलही, पण पाण्याच्या वाटेने.

चरबीचा विषय निघाल्यावर अर्धा तास त्यातच गेला. 10 किलो चरबी शरीराने जाळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड म्हणून उच्छ्वासातून जाते, 1.6 किलो पाणी होते. 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा हिशेब मांडला गेला. "मग जोरजोरात श्वास सोडला तर वजन उतरेल?" नाही. त्याने आधीच तयार असलेला वायू बाहेर पडतो, चरबी जास्त जळत नाही. ती जाळायला जिनाच.

सगळा खर्च 1795 रुपये: भाडं 1200, दोन थर्मामीटर 300, यीस्ट 60, फुगे 40, नळी 45, सोडा 40, चुना 20, झेरॉक्स 90. पंप आणि ऑक्सिमीटर उसने. पुन्हा केलं तर कडधान्यं पहिल्याच रविवारी मांडीन आणि बाकीचं त्यामागून.

डिपॉझिट 23 फेब्रुवारीला मिळालं, दीडशे कापून. सतरंजीवर हळदीचा डाग होता. तो घालवायला कोणीतरी साबणाची पावडर चोळली आणि डाग रक्तासारखा लाल झाला. साबण अल्कली, हळद हळदच. सेक्रेटरींनी तोच फोटो पाठवला होता. लिंबू पिळलं की पिवळा होतो, मग कडक उन्हात टाकायचं. दोन दिवसांत डाग गेला, पावती तेवढी आधीच फाडून झाली होती.